पट्टा पडल्यावरचं स्नेहसंमेलन : द्विशिक्षकी शाळेच्या वर्षअखेरच्या नोंदी

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. विषय एकच होता, यंदाचं स्नेहसंमेलन कधी घ्यायचं. केंद्रातल्या बाकीच्या शाळांची संमेलनं जानेवारीतच झाली. आमची शाळा पहिली ते चौथी, शिक्षक दोन, गाव बालाघाटाच्या डोंगरात, बीडच्या पाटोदा तालुक्यात. दिवाळीनंतर निम्मी घरं कुलूपबंद होतात. आई-वडील उसाला, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यांत ऊसतोडीला जातात, काही लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात, काहींना बरोबर नेण्याशिवाय इलाज नसतो. राहिलेल्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय हंगामी वसतिगृहातून होते. गेलेल्यांची नावं पटावर असतात, बाकं रिकामी असतात.

जानेवारीत संमेलन घेतलं की हीच लेकरं दरवर्षी सुटतात. चौथीतली एक मुलगी पहिलीपासून एकदाही स्टेजवर आलेली नाही, कारण प्रत्येक जानेवारीत ती सांगली जिल्ह्यातल्या कुठल्यातरी उसाच्या फडावर होती. जूनमध्ये ती ही शाळा सोडणार. हे मी बैठकीत बोलले. अध्यक्षताई स्वतः पूर्वी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाऊन आलेल्या आहेत. त्या म्हणाल्या, "मग लेकरं येस्तोवर थांबू की मॅडम. घाई कुणाला हाये?"

अडचणी पुढे आल्याच. मार्च-एप्रिलचं ऊन, परीक्षा, आणि पैसा. संयुक्त शाळा अनुदान शाळेच्या देखभालीचं आहे, ते मांडवाला वापरता येत नाही, वापरूही नये. लोकवर्गणी करायची असं ठरलं. तारीख मात्र पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर ठरवायची. यंदा गाळप १५ नोव्हेंबरपासून सुरू झालं आणि ऊसही कमी आहे, त्यामुळे ऊसतोडीच्या टोळ्या लवकर परततील असा गावातल्या जाणत्यांचा अंदाज आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिन. सकाळी कुसुमाग्रजांच्या प्रतिमेचं पूजन, मग तिसरी-चौथीचं पत्रलेखन. पत्रं खऱ्या माणसांना लिहायची, म्हणजे उसाला गेलेल्या आपल्याच वर्गमित्रांना. सरांनी फळ्यावर मायना लिहून दिला, पुढचा मजकूर ज्याचा त्याचा. "तुझी जागा मी धरून ठेवली आहे, तिथे कुणाला बसू देत नाही." "आपल्या कुत्रीला चार पिल्लं झाली, एक तुझ्यासाठी ठेवलंय." एकाने फक्त शाळेतल्या जेवणाचा आठवडाभराचा तपशील लिहिला, वारानुसार.

पत्रांचे फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांच्यासाठी टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या मोबाइलवर. संध्याकाळपासून आवाजी निरोप यायला लागले. ट्रॅक्टरची घरघर, कुणीतरी मागून ओरडतंय, आणि मध्ये आपलं लेकरू: "मॅडम, मला पण संमेलनात घ्या."

तेव्हाच सरांना सुचलं की तालमी फोनवरूनच सुरू कराव्यात. मुलांनी नाटुकल्याचा विषय आधीच निवडला होता, कोपीवरची शाळा. कोपी म्हणजे ऊसतोड्यांची फडाजवळची झोपडी. त्यातली आईची भूमिका आम्ही त्या चौथीतल्या मुलीला दिली आणि तिचे संवाद वाचून, रेकॉर्ड करून पाठवले.

५ मार्च, बुधवार

तिचा निरोप आला. संवाद पाठ झालेत, पण तिने मधे एक वाक्य स्वतःचं घातलं आहे: "गाडी यायच्या आत भाकरी थापून झाल्या पायजेत, ऊठ गं, धाकट्याला घे." संहितेत तिचं वाक्य जसंच्या तसं घेतलं. नाटुकल्यातलं सगळ्यात खरं वाक्य तेच आहे.

राज्य शासनाचा निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रमाचा निर्णय आजच्याच तारखेचा. दुसरी ते पाचवीच्या मुलांचं वाचन, लेखन आणि संख्याज्ञान जूनअखेरपर्यंत अपेक्षित स्तरावर आणायचं. उसाहून येणाऱ्या मुलांसाठी आम्ही जे काम दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये करतो, ते आता या कार्यक्रमात नोंदवता येईल.

१७ मार्च, सोमवार

धुळवड झाली आणि पहिला ट्रॅक्टर आला. रात्री उशिरा गावात शिरला, सकाळी प्रार्थनेला तीन लेकरं रांगेत उभी होती. अंगावर फडातल्या पाचटाने उठलेले ओरखडे, पायांना भेगा. प्रार्थना झाल्यावर बाकीच्यांनी त्यांना वर्गात नेलं ते हात धरूनच. ज्याने जागा धरून ठेवली होती, त्याने ती खरंच दिली.

शिक्षण हमी कार्ड आम्ही जाताना प्रत्येकाला दिलं होतं. गाव सोडून गेलेलं मूल तिथल्या शाळेत बसावं आणि तिथला अभ्यास आपल्या शाळेत ग्राह्य धरला जावा, म्हणून ते कार्ड. तिघांपैकी एकाचंच कार्ड भरून आलं. तिथल्या शाळेतल्या बाईंनी मराठीत हा मुलगा कुठपर्यंत पोहोचला, हे दोन ओळींत व्यवस्थित लिहून पाठवलं आहे. अनोळखी शाळेतल्या त्या बाईंचे फोन करून आभार मानले. बाकी दोघांचे फड शाळेपासून लांब होते. शिवाय कोपीवर धाकटी भावंडं सांभाळायला कुणीतरी लागतंच, आणि ते काम नेहमी आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या वाट्याला येतं.

१९ मार्च, बुधवार

तिसरीतल्या मुलाची चाचणी घेतली, ती इथे सविस्तर लिहून ठेवते, कारण पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

हा चार महिने शाळेत नव्हता. वजाबाकीचं उदाहरण कागदावर दिलं, हातच्याचं. पेन्सिल थांबली. तो कागदाकडे बघत राहिला. मग विचारलं, तिकडे तू काय करायचास? म्हणाला, वाढे विकायचो. उसाचे वाढे, जनावरांच्या चाऱ्यासाठी, पेंढ्या बांधून. म्हटलं, पेंढी पाच रुपयांना, एकाने बारा पेंढ्या घेतल्या आणि शंभराची नोट दिली, परत किती देशील? क्षणात उत्तर आलं, "चाळीस. पण सुट्टे नसले तर अजून आठ पेंढ्या घ्या म्हणायचं."

त्याला गुणाकार येतो, वजाबाकी येते, आणि उरलेल्या पैशांत किती पेंढ्या येतील हा भागाकारही येतो. येत नाही ती मांडणी. सरांनी दशकांचे गठ्ठे काढले, त्यांनाच पेंढ्या म्हटलं. एक गठ्ठा सोडला की दहा सुट्या काड्या, म्हणजे शंभराची नोट मोडल्यासारखंच. दुपारच्या सुट्टीपर्यंत त्याने पाच उदाहरणं मांडून सोडवली. शेवटचं चुकलं, ते त्याने स्वतःच गठ्ठे मोजून दुरुस्त केलं.

अशा मुलाच्या नावापुढे "अप्रगत" लिहायला माझा हात धजावत नाही आणि तो धजावू नये असंच मला वाटतं. आमच्या नोंदवहीत आता एक जादा रकाना आखला आहे, "तोंडी येतं, लेखी बाकी".

२९ मार्च, शनिवार

सगळी लेकरं परत आली. पट पूर्ण भरला. चौथीतली मुलगीही आली.

उन्हामुळे शाळा सकाळची झाली, सात ते सव्वाअकरा. तालमीला वेळ कमी पडतो. लेझीम प्रार्थनेनंतर लगेच, नाटुकलं शेवटच्या तासाला. पिण्याच्या पाण्याचे दोन माठ वर्गातच ठेवले. मार्चअखेरचं काम सरांकडे आहे: तांदळाची शिल्लक, पोषण आहाराच्या नोंदवह्या, अनुदानाची बिलं, उपयोगिता प्रमाणपत्र.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. "गुढीपाडवा, पट वाढवा" म्हणत शाळेची गुढी उभारून अंगणवाडी सेविका ताई, सर आणि मी घरोघर गेलो. ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारी मुलं पहिलीत घ्यायची आहेत.

एका घरात जन्मदाखल्याचा प्रश्न निघाला. मूल फडावर जन्मलं, नोंद दुसऱ्या जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतीत असेल किंवा नसेलही. आजीला वाटत होतं की दाखल्याशिवाय नाव घालता येणार नाही, म्हणून ती आम्हाला बघून आतच गेली. तिला बाहेर बोलावून सांगितलं, "आजी, कागद मागाहून काढू. लेकराला जूनमध्ये शाळेत पाठवा." वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. अंगणवाडीच्या नोंदीवरून जन्मतारीख मिळाली. नाव लिहून घेतलं तेव्हा आजीने आम्हा तिघांच्या हातावर गाठीतली साखर ठेवली.

२ एप्रिल, बुधवार

संमेलनाची तारीख पक्की झाली, शनिवार १२ एप्रिल, संध्याकाळी. त्या दिवशी हनुमान जयंती. मारुतीच्या पारावर अखंड हरिनाम सप्ताह चालू असेल, त्याचा काला सकाळी होईल. मांडव, सतरंज्या आणि स्पीकर तिथलेच वापरायचे, असं सप्ताहाच्या मंडळींनी स्वतःहून सांगितलं. त्यामुळे वर्गणी फक्त वेशभूषा, बक्षिसाच्या वह्या आणि खाऊला लागेल.

राज्याच्या वेळापत्रकाप्रमाणे वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिलच्या दरम्यान आहेत. लहान वर्गांचे पेपर शेवटच्या टप्प्यात, त्यामुळे संमेलन आधी बसतं. परीक्षा इतक्या उशिरा उन्हात असाव्यात का, याबद्दल शिक्षकांमध्ये नाराजी आहे. आमच्या शाळेपुरतं बोलायचं तर उसाहून आलेल्या मुलांना सरावाला जे जादा दिवस मिळाले, ते मला हवेच होते.

११ एप्रिल, शुक्रवार

महात्मा फुले जयंती. चौथीच्या मुलांनी १८४८ सालच्या पुण्यातल्या भिडे वाड्यातल्या मुलींच्या शाळेची माहिती सांगितली. त्यावर पहिलीतल्या एकीने विचारलं की त्या मुलींना घरी भावंडं सांभाळायला नव्हती का. असतीलच, असं म्हटलं.

दुपारनंतर रंगीत तालीम. मुकादमाचं काम करणारा मुलगा फेट्यात गुंडाळला जातोय, फेटा लहान करायला हवा.

१२ एप्रिल, शनिवार

रात्रीचे अकरा वाजलेत, तरी आजच लिहायचं आहे.

सकाळी काल्याचं कीर्तन झालं, गाव जेवलं. चार वाजता मुलं सतरंज्या झाडायला हजर. वीज साडेपाचला गेली, साडेसहाला आली. तेवढ्यात पहिली-दुसरीने स्पीकरविना पाढे म्हणून घेतले, आणि बेचा पाढा सुरू झाला की मागे बसलेल्या आयाही हळूच म्हणत होत्या.

लेझीम चांगली झाली. गावातल्या एका आजोबांनी हलगी धरली. त्यांनी मुलांच्या चुकलेल्या पावलाला हलगीनेच सावरून घेतलं, ते बघण्यासारखं होतं.

मग नाटुकलं. कोपी खरी होती. परत आलेल्या वडिलांनीच बांबू आणि कडब्याच्या पेंढ्या लावून स्टेजच्या कोपऱ्यात ती अर्ध्या तासात उभी केली. रोजच्या सवयीचे हात. नाटुकल्यात एक मुलगी कोपीसमोर राखेत बोटाने अक्षरं काढते. मुकादम तिला हटकतो. तिची आई मध्ये येते. चौथीतल्या मुलीने डोक्यावर पदर घेतला, खोटी चूल फुंकली आणि ते वाक्य म्हटलं: "गाडी यायच्या आत भाकरी थापून झाल्या पायजेत, ऊठ गं, धाकट्याला घे." बायकांच्या बाजूने कुणीतरी मोठ्याने "अगं बाई" म्हणालं. मग बराच वेळ पदर डोळ्यांना लागत होते. तिची आई दुसऱ्या रांगेत बसली होती, लेकीला स्टेजवर पहिल्यांदा बघत होती. शेवटी मुकादमच राखेतलं अक्षर पुसलं जाऊ नये म्हणून बाजूने चालत जातो, हा शेवट मुलांनी ठरवला होता. तो आम्हाला सुचला नसता.

कार्यक्रमानंतर एक खरेखुरे मुकादम भेटायला आले. म्हणाले, "मॅडम, औंदा जाताना माझ्या टोळीतल्या लेकरांची यादी मला द्या. जिथं उतरू तिथल्या शाळेत मी स्वतः घालून येतो." त्यांचा नंबर नोंदवहीत लिहिला आहे. ही यादी सप्टेंबरअखेर तयार हवी.

१४ एप्रिल, सोमवार

डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती. अभिवादन, भाषणं, समाजमंदिरातल्या मिरवणुकीत लेझीम पथक. परवापासून मुलं लेझीम खाली ठेवायला तयार नाहीत.

१९ एप्रिल, शनिवार

शाळापूर्व तयारीचा पहिला मेळावा, "पहिले पाऊल". सात दालनं मांडली: नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि पालकांना मार्गदर्शन. दालनं सांभाळायला चौथीची मुलं.

गणनपूर्व तयारीच्या दालनात तिसरीतला तो पेंढीवाला मुलगा बसवला. त्याने चिंचोके, खडे आणि काड्या मांडल्या आणि येणाऱ्या प्रत्येक लहानग्याला आधी काड्यांची पेंढी बांधायला लावली. मोजायला मागाहून सांगितलं.

पालकांच्या दालनात मी बसले. विकासपत्रावर, म्हणजे मुलाच्या तयारीच्या नोंदीच्या कागदावर, कुठलं मूल कुठे अडखळतं, ते दाखवलं. आयांचे गट केले, मे महिनाभर घरी करायच्या छोट्या कृती सांगितल्या: चपलांच्या जोड्या लावणं, भाजी निवडताना रंग ओळखणं, ताटल्या मोजून मांडणं. आमच्या आयांना वेगळा वेळ काढून बसणं जमत नाही. कामाच्या ओघात जे होईल तेच टिकेल.

२५ एप्रिल, शुक्रवार

परीक्षा संपल्या. पहिली-दुसरीचं बरंचसं तोंडी आणि कृतीतून, तिसरी-चौथीचे पेपर राज्याकडून आलेले. एकही मूल गैरहजर नव्हतं.

२८ एप्रिल, सोमवार

निकालाचं काम. पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे वर्गातल्या रोजच्या कामाच्या मूल्यमापनाचे ७० गुण, संकलितचे, म्हणजे परीक्षेचे ३०. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. स्थलांतरित मुलांची खरी अडचण आकारिकात येते, कारण वर्गात नसलेल्या मुलाचं निरीक्षण, प्रकल्प, स्वाध्याय कुठून लिहायचे? हमी कार्डावरची नोंद घेतली, मार्चपासूनच्या कृती घेतल्या, फोनवरचे निरोप तोंडी काम म्हणून घेतले. नाटुकल्याचे संवाद, लेझीम, मेळाव्यातलं दालन हे सगळं कला, कार्यानुभव आणि भाषेच्या नोंदींत आलं. केंद्रप्रमुखांना दाखवलं, त्यांनी मान्य केलं.

वर्णनात्मक नोंदीत "अभ्यासात रस घेतो" अशी वाक्यं भरभरून लिहिता येतात. ती टाळायचं ठरवलं आहे. तिसरीतल्या मुलापुढे लिहिलं: "व्यवहारातला हिशेब मनातल्या मनात अचूक करतो. हातच्याची वजाबाकी मांडू लागला आहे. जोडाक्षरं वाचताना थांबतो." त्याच्या चौथीच्या शिक्षकाला, म्हणजे सरांनाच, पुढच्या वर्षी कुठून सुरुवात करायची ते यातून कळेल.

१ मे, गुरुवार

सकाळी ध्वजवंदन. मग निकालवाचन, प्रगतिपत्रकं आणि वह्यांची बक्षिसं.

चौथीचा निरोप साधाच ठेवला. प्रत्येकाने शाळेच्या आवारातल्या एकेका झाडाला नाव दिलं आणि जूनपासून त्याला पाणी घालायचं काम तिसरीतल्या एकेका मुलाला सोपवलं. चौथीतली ती मुलगी भाषणाला उभी राहिली आणि चार वाक्यं बोलली. शेवटचं वाक्य होतं, "मला पाचवीला जायचंय, मला घेऊन जाऊ नका." आई-वडील तिथेच होते.

त्यांच्याशी नंतर बसून बोललो. पाचवीची शाळा शेजारच्या गावात आहे, एसटीने जावं लागतं. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून एसटीचा पास मोफत आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. आजी थकली आहे, मुलीला एकटीला ठेवायची भीती आहे, आणि ती भीती मला पूर्ण समजते. ऑक्टोबरपर्यंत ठरवू म्हणाले. मावशीच्या घरी सोय होते का, हा एक पर्याय त्यांनीच काढला. शाळा सोडल्याचा दाखला आजच हातात दिला नाही. जूनमध्ये सर स्वतः मुलीला घेऊन त्या शाळेत जातील आणि तिथेच देतील. दाखला घरात राहिला की पोर घरात राहते, हे या भागात फार वेळा बघितलं आहे.

३ मे, शनिवार

सुट्टी लागली. पुढचं नियोजन लिहून ठेवते, सरांनी पाहून त्यात भर घातली आहे.

जूनचा पहिला पंधरवडा: शाळापूर्व तयारीचा दुसरा मेळावा. मेमध्ये कृती कितपत झाल्या, ते विकासपत्रावर पुन्हा तपासायचं. फडावर जन्मलेल्या मुलाच्या जन्मनोंदीसाठी त्या ग्रामपंचायतीला पत्र गेलं आहे, उत्तर आलं नाही तर पाठपुरावा.

१६ जून, सोमवार: शाळेचा पहिला दिवस. प्रवेशोत्सव, पहिल्याच दिवशी पुस्तकं. पहिलीला नवा अभ्यासक्रम येतो आहे, त्याचं प्रशिक्षण लागेल. दुसरीपासून पुढच्या पुस्तकांतली वह्यांची कोरी पानं यंदापासून जाणार, म्हणून वह्यांची सोय आधीच करायची. संमेलनाच्या वर्गणीतून उरलेले पैसे यासाठी ठेवले आहेत. पाचवीच्या प्रवेशाला सर त्याच आठवड्यात जातील.

२१ जून: योग दिन. ६ जुलैला आषाढी एकादशी, रविवार आहे, त्यामुळे दिंडी शनिवारी सकाळी.

सप्टेंबर: कोण जाणार, कोण राहणार, याची घरनिहाय यादी. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव याच महिन्यात गेला तर दिवाळीनंतर लगेच जेवण सुरू होतं. शिक्षण हमी कार्डं लिहून तयार, त्यावर दोन्ही शिक्षकांचे मोबाइल नंबर ठळक. मुकादमांना यादी.

संमेलन: पुढची हनुमान जयंती २ एप्रिल २०२६ला आहे. पण पाऊस चांगला झाला तर ऊस वाढेल, टोळ्या उशिरा परततील, आणि मग ती तारीख जमणार नाही. सप्ताहाच्या मंडळींना आत्ताच सांगून ठेवलं आहे की मांडव लागेल, दिवस मागाहून कळवू. नाटुकल्यात या वेळी दुसरीतल्यांनाही घ्यायचं आहे. उसाला जाणाऱ्यांच्या भूमिका दिवाळीआधी वाटून द्यायच्या, म्हणजे संवादाचा कागद जाताना पेटीत बरोबर जाईल.